फळीमागचा खिळा

शनिवारी संध्याकाळी बरोबर साडेसहाला पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमधून त्रेचाळीस बायका एकाच सेकंदाला बाहेर पडल्या. एकाच दारातून. आणि ते दार इतकं अरुंद, की क्रेट घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावंच लागतं.

हे कोणी डोळ्यांनी बघितलं नाही. बघितलं फक्त हर्षालीने, तेही दीड किलोमीटर लांब, घरातल्या पलंगावर मांडी घालून, लॅपटॉपवर. नावाच्या खाली नाव, आणि प्रत्येक नावापुढे एकच वेळ. अठरा, तीस, शून्य शून्य. पाचच्या आतच घरी गेलेल्या बायकासुद्धा त्यात होत्या.

पण असं मधूनच सांगत बसले तर तुमच्या हाती काही लागायचं नाही. फळीपासूनच सुरू करू.

फळी म्हणजे साधी लाकडाची फळी, त्यावर खिळे ठोकलेले, प्रत्येक खिळ्याखाली रंगाने नंबर. पॅकहाउसच्या दोन नंबरच्या गार खोलीबाहेर ती कित्येक वर्षं लटकत होती. प्रत्येक बाईकडे आपल्या नंबरचा पत्र्याचा गोल बिल्ला. आत जाताना बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून पदराला बांधायचा. दुसरीच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग ती सख्खी बहीण का असेना. दर शनिवारी खोली रिकामी झाली की तिला गंधकाची धुरी देतात, बुरशी धरू नये म्हणून. बाहेरच्या भट्टीत गंधक जळतं आणि पंखा तो धूर पाइपाने आत ढकलतो. त्याआधी मशीनवाले भारतकाका फळीकडे बघायचे. एकही बिल्ला नाही, मगच दाराला कुलूप. बाहेरून कुलूप असलं तरी आतून दार उघडता येईल अशी एक कडी होती, ती दिवाळीत मोडली होती. हर्षालीच्या आईने, उज्वलाताईंनी, तीनदा सांगून झालं होतं. त्या तिथल्या मुकादम. तिन्ही वेळा मालक म्हणाले, करू.

आणि हर्षाली? नववी ब. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी हजेरीला ‘हजर’ इतक्या हळू म्हणायची की बाई गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. मग आठवीत शाळेच्या लॅबमधला एक बंद कॉम्प्युटर तिने पेन ड्राइव्हवरून लिनक्स नावाची सिस्टिम टाकून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी झरझर वर गेल्या आणि शेवटी त्याने तिला विचारलं, तुझं नाव काय. तिने नाव टाइप केलं. त्या दिवसापासून तिचा आवाजच वाढला. वर्गात वाढला, घरात वाढला, बसस्टँडवरसुद्धा वाढला.

जानेवारीत मालकांच्या नाशिकमधल्या, सातपूरच्या ऑफिसातून एक जुना कॉम्प्युटर पॅकहाउसला आला. चालू व्हायला एवढा वेळ लावायचा की तोवर चहा पिऊन कप विसळून व्हायचा. हर्षालीने एका रविवारी त्यातलं जुनं सगळं पुसून टाकलं आणि लिनक्स बसवलं.

भारतकाका मागे उभे राहून बघत होते. “कितीला पडलं हे?”

“फुकट.”

“फुकट? मग खोट असंल कायतरी.”

“खोट नाही काका. जगभरची माणसं मिळून बनवतात. कोणीही उघडून आत बघू शकतं.”

“कोणीही?”

“कोणीही.”

“मग त्याला कुलूप कुठं हाय?”

ती हसली. आई हसली. काकासुद्धा हसले थोडे, पण त्यांनी उत्तराची वाट बघितली होती, हे हर्षालीला पुढे फार दिवस आठवत राहिलं.

पुढच्या आठवड्यात तिने त्यात डेटाबेस बसवला. म्हणजे एक तक्ता: नंबर, नाव, आत कधी, बाहेर कधी. दाराशी भिंतीवर एक टॅब लावला. आपला नंबर दाबला की आत, पुन्हा दाबला की बाहेर. वर मोठ्ठा आकडा, खोलीत आत्ता किती जण. कोणी असलं तर लाल, शून्य झालं की हिरवा. मालक येऊन बघून गेले आणि म्हणाले, “उज्वलाबाई, पोरगी आमच्या सातपूरच्या माणसांना विकून खाईल.” हर्षाली त्यानंतर दोन दिवस जमिनीवर नव्हती.

फळी तिने स्वतःच्या हाताने उतरवली आणि खोकी ठेवायच्या खोलीत टाकली. भिंतीत फक्त फळी टांगायचा तो एक जाड खिळा राहिला. तो काही निघेना.

“भारतकाका, आता भिंतीकडे बघायचं नाही,” तिने बजावलं. “फक्त ह्या आकड्याकडे. शून्य म्हणजे शून्य.”

“शून्य म्हंजे शून्य,” काकांनी पाठ केल्यासारखं म्हटलं.

एकाच माणसाशी त्या टॅबचं जमलं नाही. सुलाबाई, नंबर सतरा. हर्षालीची सुलामावशी. आई कामावर असायची तेव्हा हिला न्हाऊ घालणारी, वेणी घालणारी, सायकल शिकवताना मागून ‘धरलीय गं, धरलीय’ म्हणत केव्हाच सोडून देणारी. तीस वर्षं द्राक्षाचे घड कातरून तिच्या बोटांची कातडी अशी झाली होती की काचेला ती बोटंच वाटेनात. ती दाबायची, दाबायची, टॅब ढिम्म.

“मला मेलीला जिवंतच धरंना हे,” ती म्हणायची.

“मी दाबते गं तुझं,” आई म्हणायची, आणि दाबायची.

तरी सुलामावशीने आपला बिल्ला काही सोडला नाही. आत जाताना ती तो भिंतीत राहिलेल्या त्या खिळ्याला अडकवायची. एकुलत्या एक खिळ्याला एकुलता एक बिल्ला. हर्षालीला ते बघून राग यायचा. नव्या कोऱ्या टॅबशेजारी तो गंजका पत्रा.

“मावशी, आता त्याची गरज नाहीये.”

“असू दे. तुझ्या आकड्याला काय त्रास देतोय का तो?”

त्यानंतर सनीदादाचा फोन आला. सनीदादा म्हणजे सातपूरच्या ऑफिसात बसून मालकांना रोजचे रिपोर्ट काढून देणारा. कधी भेटला नव्हता, पण फोनवर एकदम गोड. “हर्षाली मॅडम,” तो म्हणाला. मॅडम! “मला तो डेटाबेस इकडून बघता येईल का? मालकांना रोज सकाळी टेबलावर रिपोर्ट लागतो.”

का नाही येणार? तिने एका संध्याकाळी बसून ते केलं. आधी डेटाबेस फक्त पॅकहाउसमधल्याच कॉम्प्युटरशी बोलायचा, तिने त्याला बाहेरच्यांशीही बोलायला लावलं. रस्ता उघडला. सनीदादासाठी नवीन नाव आणि पासवर्ड काढला आणि त्याला एकच हक्क दिला, बघण्याचा. बघायचं, हात लावायचा नाही. अगदी नियमाप्रमाणे.

पाच मिनिटांत फोन. “मॅडम, एरर येतोय. माझं रिपोर्टचं सॉफ्टवेअर आपलं एक छोटंसं टेबल बनवतं, त्याला परवानगी नाही म्हणतंय.”

तिने एक हक्क वाढवला. पुन्हा एरर. आणखी एक. पुन्हा एरर. समोर इतिहासाची वही उघडी होती, उद्या चाचणी, आई जेवायला हाका मारत होती.

“एक काम करा ना,” सनीदादा म्हणाला, “सगळेच देऊन टाका. नंतर काढून घ्या हवं तर.”

तिने ओळ लिहिली. सगळे हक्क, कुठूनही. एंटर. पडद्यावर ‘ओके’ आलं.

“चाललं,” सनीदादा म्हणाला. “भारी आहात तुम्ही.”

उद्या काढून घेऊ, असं तिने ठरवलं. खरंच ठरवलं होतं. पण इतिहासानंतर भूगोल होता, भूगोलानंतर वर्गातल्या चैतालीचा वाढदिवस. आणि भारी आहात म्हटल्यावर माणूस जरा भारी होऊनच बसतं.

मंगळवारी संध्याकाळी सहज म्हणून तिने घरून आकडा बघितला. साडेसहा वाजून गेले होते, आकडा शून्य. बुधवारी शून्य. गुरुवारी, शुक्रवारी, शून्य. आई मात्र सात-सव्वासातला घरी यायची, हातपाय गारठलेली, आणि म्हणायची, “आज लय माल होता, पावणेसातपर्यंत आतच होतो.” हर्षाली हूं म्हणायची आणि पुढचं पान उलटायची. हिरवं शून्य बघून तिला इतकं बरं वाटायचं, की आईच्या पावणेसातचं आणि तिच्या साडेसहाचं भांडण आहे हे तिच्या डोक्यातच शिरलं नाही.

आणि मग शनिवार.

सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी तिने लॅपटॉप उघडला तेव्हा आकडा लाल होता. एक. तिने नाव बघितलं. सतरा, सुलाबाई. आत गेली सहा वाजून बावीस मिनिटांनी. धुरीआधी खाली सांडलेले द्राक्षाचे मणी झाडून घ्यायचं काम तिचंच. आईने बटण दाबून दिलं असणार.

घड्याळ पालटलं आणि आकडा हिरवा झाला. शून्य.

चला, आली बाहेर, हर्षालीला वाटलं. सहज म्हणून तिने तक्ता उघडला, मावशी आज किती वेळ आत होती ते बघायला. आणि तिथे त्या त्रेचाळीस बायका उभ्या होत्या, एकाच सेकंदात, एकमेकींच्या अंगावर.

ती आधी बावळटासारखी बघतच राहिली. मावशी बाहेर आलेली नव्हती. तिला बाहेर लिहिलं होतं. कोणीतरी लिहिलं होतं, आणि लिहिणारं माणूस तिथे नव्हतं.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच, सगळ्यांचे मोबाइल गेटवरच्या ट्रेमध्ये ठेवून आत जावं लागतं. भारतकाकांचाही त्याच ट्रेमध्ये. दोन फोन शेजारी शेजारी वाजत असतील, तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि वॉचमन बाहेर टेम्पो मागे घ्यायला लावत असेल.

मग सनीदादा. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला, मागे ट्रॅफिक.

“सनीदादा, साडेसहाला तुम्ही काही करता का डेटाबेसमध्ये?”

“हां, ते होय. अगं, ह्या बायका बाहेर पडताना बटण दाबत नाहीत. रोज चार-पाच जणी रिपोर्टमध्ये रात्रभर आतच. मालक मला विचारतात, ह्या काय तिथेच झोपतात का? म्हणून साडेसहाला सगळ्यांना बाहेर काढायचं लावून दिलंय. मंगळवारपासून. आपोआप चालतं, मस्त ना?”

“बंद करा.”

“आता मी गाडीवर आहे, सिग्नलला. लॅपटॉप घरी. काय झालं काय?”

“बंद करा ते, मावशी आत आहे.”

“कोण मावशी?” त्याने विचारलं, आणि त्याच्या मागे हॉर्न वाजायला लागले.

तिने फोन पलंगावर टाकला. बोटांना काम माहीत होतं. सतरा नंबर, आत. एंटर. आकडा लाल झाला. एक. तिने श्वास सोडला, आणि घड्याळाचं मिनिट पालटलं, आणि आकडा पुन्हा हिरवा. शून्य. एकदाच नाही, दर मिनिटाला चालत होतं ते. सातपूरचा एक कॉम्प्युटर, ज्याच्यासमोर आत्ता कोणी बसलेलंही नव्हतं, सुलामावशीला पुन्हा पुन्हा बाहेर काढत होता.

मग तिने ते केलं जे दहा दिवसांपूर्वीच करायचं होतं. सनीदादाचं नावच उडवलं. एक ओळ. ओके. सतरा नंबर, आत. लाल. मिनिट पालटलं. लालच. आणखी एक पालटलं. लाल.

पण त्या आकड्याकडे कोणी बघत होतं का?

ती उठली, सायकल काढली आणि सुटली. चप्पलही एकाच पायात नीट होती. हायवेखालच्या बोगद्यात कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, ती दोन ट्रॉल्यांच्या मधून गेली, एक ड्रायव्हर काहीतरी ओरडला. शनिवार, धुरी, कुलूप, एवढंच डोक्यात पॅडलबरोबर फिरत होतं. आतली कडी मोडलेली. शून्य म्हणजे शून्य. हे तिचंच वाक्य होतं, तिच्याच आवाजात, नव्या मोठ्या आवाजात.

पॅकहाउसच्या आवाराशीच वास आला. पेटलेल्या काडीचा असतो तसा, पण घशात जाऊन बसणारा.

भारतकाका खोलीच्या मागच्या बाजूला भट्टीपाशी होते, तोंडाला मास्क, पंख्याचा घोंघाट इतका की त्यांना ती आलेली कळलंच नाही. तिने त्यांचा शर्ट ओढला.

“काका, दार उघडा. मावशी आत आहे.”

“कोण?”

“सुलामावशी.”

त्यांनी मास्क खाली केला. “नाय नाय. मी बघूनच कुलूप घातलं. शून्य होतं.”

“ते खोटं होतं काका. आता बघा, आता एक आहे.”

ते तिच्याबरोबर दाराशी आले. टॅबवर लाल एक. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाहेरून घातलेल्या कुलपाकडे, मग तिच्याकडे. “बिघडलंय गं ते. मघाशी शून्य, आता एक. कुलूप घातलेल्या खोलीत माणूस कुठनं येईल?”

ते अगदी बरोबर बोलत होते. तिने शिकवलं होतं तसंच.

“आन दार आत्ता उघडलं तर धूर हॉलमधी येईल,” काका म्हणाले, “पोरी बसल्यात तिथं पेट्या बांधत. सुला चहाला गेली असंल टेम्पोकडं. थांब, बघून येतो.”

“काका, भिंतीकडे बघा.”

टॅबच्या शेजारी, फळी टांगायच्या त्या एका खिळ्याला, सतरा नंबरचा बिल्ला लटकत होता.

भारतकाका धावत मागे गेले आणि पंखा बंद पडला. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत दाराच्या तळाशी काहीतरी घासल्याचा आवाज आला. ठोकल्याचा नाही. ठोकण्याइतकी ताकद त्यात नव्हती.

“हॉल रिकामा करा,” काका ओरडले. लोडिंगकडून आई धावत आली, आणि हर्षालीला तिथे बघून तिला सगळं एका क्षणात कळलं असावं. तिने आपला पदर पाण्याच्या बादलीत बुडवला.

दार उघडलं तेव्हा आधी पांढरं काहीतरी बाहेर आलं आणि सगळ्यांचे डोळे मिटले. सुलामावशी उंबऱ्याशीच पालथी पडली होती. दाराखालचं रबर एका कोपऱ्यात फाटलं होतं, तेही आईने तीनदा सांगितलं होतं, त्या फटीला तिने तोंड लावलं होतं. उजव्या हाताची बोटं रबरात खुपसलेली. टॅबला कळत नसलेली ती बोटं सोडवायला आईला आणि काकांना दोघांना लागावं लागलं.

कांद्याच्या एका रिकाम्या टेम्पोतून तिला नाशिकला नेलं. हर्षालीने तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. वाटेत मावशीने एकदाच डोळे उघडले आणि काहीतरी बोलली. आवाज नव्हताच, नुसती हवा. हर्षालीने कान तोंडाशी नेला.

“बिल्ला,” मावशी म्हणाली. “कुणाला काढू देऊ नको.”

छातीचं आत्ताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. रविवारी तेच म्हणाले, सोमवारीही तेच.

सोमवारी मालक आले. त्यांनी सनीला फोनवर झापलं, कडी आणि रबर दोन्ही लगेच बसवायला सांगितलं, आणि हर्षालीला म्हणाले, “तुझी सिस्टिम चांगलीच आहे गं, तेवढं ते हक्काचं नीट कर.” तिने केलं. आता बाहेरून कोणीच येऊ शकत नाही, बघायलासुद्धा. ते करताना एकदा तिने तो तक्ता उघडला. त्रेचाळीस ओळी, अठरा तीस शून्य शून्य. तिने त्या पुसल्या नाहीत.

मग ती खोक्यांच्या खोलीत गेली, फळी काढली, झटकली आणि त्या जाड खिळ्याला परत टांगली. सतरा नंबरचा बिल्ला मधे आला तेव्हा क्षणभर तिला कळेना काय करावं. तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मी नाही हात लावणार.” भारतकाकांनी मान हलवली. शेवटी तिने फळी बिल्ल्याच्या वरून अशी बसवली, की बिल्ल्याला तिचं बोट लागलं नाही. खिळा फळीमागे गेला, फळी टांगायच्या दोरीवरून बिल्ला पुढे लोंबत राहिला.

पुढच्या शनिवारी खोली रिकामी झाली. बायकांनी आपापले बिल्ले काढून पदराला बांधले आणि जाग्यावरच उभ्या राहिल्या, घरी कोणी जाईना. टॅबवर हिरवं शून्य होतं, आणि या वेळी ते अगदी खरं होतं. खोलीत कोणी नव्हतं, भारतकाका स्वतः कोपरान् कोपरा बघून आले होते. गंधक भट्टीत भरून तयार होतं.

फळीवर एक बिल्ला होता.

काका दारासमोर स्टूल टाकून बसले. कुलूप त्यांच्या मांडीवर होतं.

“काका,” हर्षाली म्हणाली. तिचा आवाज पुन्हा इतका बारीक झाला होता की तिलाच ऐकू आला नाही. “घालायचं का?”

“सुला आली की,” काका म्हणाले.

दार उघडंच होतं. आतून गार हवा येत होती आणि बिल्ला त्या हवेने फळीवर अगदी हळू वाजत होता.